रतनीचं मोडकं शिंग

पाटोद्याची एसटी पुण्याच्या स्थानकावर लागली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन कपडे आणि एक रिकामा खोका होता.

"फिरायला चाललीस की भांडायला?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही!"

त्या खोक्यातली सीताफळं पिकायच्या ऐवजी काळी ठिक्कर पडली होती. वर पत्ता पाटोद्याच्या रशीदभाईंच्या दुकानाचा. मी मुकाट्याने सोसणारी बाई नव्हे.

पाटोदा जवळ आलं तशी बालाघाटाच्या माळांवर सीताफळाची झाडं दिसू लागली. बाकी सगळं फस्त करणाऱ्या शेळ्या त्या पाल्याला तोंडही लावत नव्हत्या. राग थोडा निवळला.

बाजारात रशीदभाईंचं फळांचं दुकान लगेच सापडलं. मी खोका त्यांच्यापुढे आदळला आणि तोंडाचा पट्टा सोडला. ते झाकणावरचं शेळीचं चित्र पाहत राहिले आणि एकदम हसले.

"ताई, ही शेळी आमची न्हाई. हिला दोन शिंगं हायेत!"

खऱ्या खोक्यावर असते ती रतनी, माळावर शेळ्या राखणाऱ्या कोंडाबाईंची. कोंडाबाईच रशीदभाईंना सीताफळं तोडून देतात. रतनीचं एक शिंग मोडकं आहे आणि चित्रातही ते तसंच काढलेलं. नक्कल करणाऱ्याला ती चित्रकाराची चूक वाटली असावी. त्याने ती सुधारून दिली!

"चित्राची सरकारदरबारी नोंदणी केलीय आमी," रशीदभाई सांगू लागले. "पन पुराव्याला नकली खोका हाती लागंना. लोकं खराब फळांसंगं खोकाबी फेकून देत्यात. पुण्याच्या व्यापाऱ्यानं आमचाच माल खराब म्हणून खरेदी थांबवली. हंगाम हातचा चाललाय. तुमी खोका कशापायी जपला?"

"तुमच्याशी भांडायला."

"लई मेहेरबानी झाली!"

मी ओशाळले. मग त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन खोका दिला आणि तो कुठून घेतला तेही सांगितलं.

संध्याकाळी कोंडाबाईंनी माळावर पिकलेलं सीताफळ हातात ठेवलं. "डोळं उघडल्यावरच तोडायचं, बाई. मिटल्या डोळ्याचं तोडलं की पिकत न्हाई." फळाच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावल्या की इथे डोळे उघडले म्हणतात. मी गर खाण्यात गुंग असताना रतनीने माझ्या ओढणीचं टोक फस्त केलं.

"सीताफळाचा पाला सोडून समदं चालतंय तिला," कोंडाबाई म्हणाल्या.

कुरतडलेली ओढणी घेऊन मी पुण्याला परतले. त्याच हंगामात एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात सीताफळाचे नवे खोके दिसले. मी झाकण डोळ्यांजवळ नेलं. एक शिंग मोडकं होतं. मला इतका आनंद झाला की दोन खोके घेतले.

"छपाईत चूक झालीय बघा," दुकानदार म्हणाला. "त्यांना सांगायला हवं."

"नका सांगू," मी म्हणाले. "तेवढं मोडकंच राहू द्या."