सतरा रेघांची केतकी

"बाई, तुम्ही केतकीला निवडलंत, मला का नाही?"

प्रश्न माझाच, पण तो विचारायची पैज माझ्या मैत्रिणींची, जुई आणि अल्फियाची. दिवाळीच्या सुट्टीआधी नळावर डबे धुताना जुई म्हणाली होती, "रोज आमच्यापुढं काय कुढतेस? हिंमत असेल तर जा की बाईंकडे." मी म्हटलं, सुट्टी संपू दे, विचारते. सुट्टी संपली, शाळा भरली, आणि पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही इंगवले बाईंसाठी दोन मिनिटं उभे राहिलो. आमच्या मुख्याध्यापिका. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेल्या, झोपेतच.

प्रश्न माझ्याकडेच राहिला.

आता रविवारची दुपार आहे. जेवण जड झालंय. मी पलंगावर पालथी पडून पत्र लिहितेय. 'माननीय मुख्याध्यापक, उलटा तास या उपक्रमाची प्रमुख होण्यास मी आनंदाने तयार आहे.' फक्त सही राहिलीय.

उलटा तास बाईंनीच सुरू केलेला. दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गातलं कुणीतरी एक शिकवणार आणि बाई स्वतः शेवटच्या बाकावर वही घेऊन बसणार. बाई डावखुऱ्या. वहीत त्या रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी त्यांच्यावर तिरकी. कशाच्या रेघा, ते कधी सांगितलं नाही. पण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, एक चूक म्हणजे एक रेघ. मी एकदा जाता जाता वहीत डोकावले होते. माझ्या तासाला फक्त दोन. पस्तीस मिनिटं मी एकदाही न अडखळता बोलले होते आणि शेवटी अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. केतकी नलावडेच्या बीजगणिताला रेघा किती? सतरा.

आणि ऑगस्टमध्ये बाईंनी प्रमुख कुणाला केलं, तर केतकीला. कुणी कधी शिकवायचं ते ती ठरवणार, त्यांची तयारी ती करून घेणार. सतरा चुकांची केतकी. त्या दिवशी मी घरी येऊन ताटावरून उठले होते.

पण शुक्रवारी नवीन मुख्याध्यापक कुरणे सरांनी मला बोलावलं. "तू स्टेजवर छान बोलतेस. ती केतकी फारच शांत. आपण हा उपक्रम हॉलमध्ये घेऊ, माइक लावू, पाहुणे बोलावू. तिच्याऐवजी तू प्रमुख हो. सोमवारी पत्र दे." मी दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरले. पप्पांनी तर तीन नातेवाइकांना फोन करून झालेत.

पंखा घरघरतोय. पेन बोटांतच आहे. म्हणजे सही करायचीय, करतेच, एक मिनिट डोळे मिटून.

पंख्याची घरघर बोलायला लागते. "नववी ब, तास सातवा, फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." मी एसटी स्टँडवर उभी आहे, दप्तर पाठीला. फलाटावर गाडीच्या जागी आमचे बाक आहेत, रांगेनं. शेवटच्या बाकावर इंगवले बाई. मोहरी रंगाची साडी, चष्मा साखळीला लटकलेला.

बाई गेल्यात हे मला माहीत आहे. पण तसं तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही.

"बस," बाई म्हणतात. "वेळ आहे अजून."

"बाई, तुम्ही..."

"हो, माहितीय मला. दोन मिनिटं उभे राहिलात तेही माहितीय. तू दीड मिनिटातच डोळे उघडलेस."

"केतकी रडतेय का बघत होते."

"मग?"

"रडत होती. आवाज न करता." मला तिचं ते रडणंही आवडलेलं नसतं. इतकं नीट कोण रडतं.

मी बसते. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेला प्रश्न एकदाचा विचारून टाकते. केतकी का, मी का नाही?

बाई उठून कपाट उघडतात. हे शिक्षकखोलीतलं कपाट, पण आत आमच्या स्वयंपाकघरातले डबे आहेत आणि प्रत्येकावर हजेरी क्रमांक चिकटवलेला. तेविसाव्या डब्यातून, म्हणजे माझ्या, त्या वही काढतात.

"धर. आज रेघा तू मार."

मला फार बरं वाटतं. "कुणाच्या चुका?"

बाई चष्म्यावरून बघतात. "चुका कोण म्हणालं?"

फळ्याजवळ केतकी उभी आहे. तोच बीजगणिताचा तास. ती गणित मांडते, तिसऱ्या पायरीला अडते. झालं. मी पेन टेकवते. बाई माझं मनगट धरतात. हात गार नाही, खडूसारखा कोरडा आहे.

"अजून नाही."

केतकी वर्गाकडे वळते. "मला ही पायरी सुटत नाहीये. कुणाला दिसतंय काय चुकलं?"

मी असते तर मेले असते. ती नुसती थांबते. कुणी बोलत नाही, तरी ती थांबून राहते. मग दीपाली उठते. हजेरीशिवाय जिचा आवाज आम्ही कधी ऐकला नाही ती दीपाली. "चिन्ह बदलायचं राहिलंय."

"मार," बाई म्हणतात.

मी रेघ मारते. कुणीतरी म्हणतं, पण चिन्ह बदलायचंच का? मार. दीपाली सांगायला लागते. मार. अल्फिया वाद घालते. मार. माझी जुई, गणिताच्या तासाला वहीत मेंदी काढणारी, तीसुद्धा फळ्यापाशी जाते. मार, मार. माझा हात दुखायला लागतो. घाईत दर पाचवी, तिरकी रेघ राहून जाते; ती धरून सतरा होतात.

"आणि माझ्या तासाला दोन," मी म्हणते.

"पहिली आठवते?"

आठवते. अल्फिया म्हणाली होती, पाणी प्यायला जाऊ का. "आणि दुसरी?" मी विचारते.

"तीच. आत येऊ का."

मला हसू येत नाही. "पण टाळ्या मला पडल्या होत्या."

"पडल्या ना. मीही वाजवल्या. चांगल्या भाषणाला मी नेहमी वाजवते."

"मग तेव्हाच सांगायचं ना, बाई."

"तू विचारायला येशील म्हणून थांबले होते." बाई पदर सावरतात. "सुट्टीनंतर विचारते म्हणालीस."

मी पेनाचं टोपण लावते.

वर्ग पुन्हा फलाट झालाय. बाई उभ्या राहतात आणि शेवटचा बाक रिकामा दिसतो, इतका रिकामा की मला तिकडं बघवत नाही.

"बाई, इथं आता कोण बसणार?"

"कुरणे सर पहिल्या रांगेत बसतील. पाहुणे असतात ना. मागं कोण बसणार ते मी कसं सांगू? माझी गाडी लागली."

"वही राहू दे ना माझ्याकडे."

"स्वप्नातली वही कशी राहील? इकडं दे, अर्धवट सोडलंयस." त्या डाव्या हातानं माझ्या रेघांवर तिरक्या रेघा ओढतात, झपाझप, आणि फलाटावर पंखा घरघरत राहतो.

माझा गाल पत्रावर आहे. चार वाजलेत. स्वयंपाकघरातून आल्याच्या चहाचा वास येतोय.

पत्राच्या कडेला रेघा आहेत. तीन जुडगे आणि वर दोन. सतरा. शाई माझ्याच पेनाची, झोपेत मीच मारल्या असणार. पण मी शेजारी पुन्हा पाच रेघा मारून बघते. माझी तिरकी रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे चढते, नेहमीसारखी. त्या तीन जुडग्यांवरच्या तिरक्या रेघा मात्र वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरतात, डाव्या हातानं ओढल्यासारख्या.

मी पत्र घेऊन बाहेर येते. आई कप भरतेय. पप्पा फोनवर आत्याला सांगतायत, "सरांनी स्वतः बोलावून घेतलं गं तिला."

"पप्पा, फोन ठेवा. उद्या मी पत्र देणार आहे, पण हे नाही. दुसरं लिहिणार. प्रमुख केतकीच राहू दे, तास वर्गातच होऊ दे, आणि मला शेवटचा बाक द्या. तिथं बसून काय मोजायचं ते मला कळलंय. सर नाही म्हणाले तर जुई आणि अल्फियाला घेऊन परत जाईन."

आईच्या हातातलं गाळणं तसंच राहतं. "अगं, पण तुला तर ती केतकी..."

"आवडत नाही. अजूनही आवडत नाही. पण त्या सतरा रेघा तिच्याच आहेत. डिसेंबरात माझा पुन्हा तास आहे, आई. मी अठरा करणार."