टेलरीणबाईंची लेक

बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली टेलरीणबाईंचं दुकान होतं. नवे कपडे त्या शिवत नसत. सैल ते घट्ट करायचं, लांब ते आखूड, तुटलेली चेन बदलायची, एवढंच काम. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांना मुलगी झाली.

लेक साडेतीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर मान वळवेना. खाऊचा कागद वाजला की मात्र पलीकडच्या खोलीतून धावत येई. "हिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणत, "आता थांबतोय का?" सगळे हसत. टेलरीणबाईही हसत, आणि मशीनच्या खडखडाटाआड हळूच म्हणत, "आई म्हण. आ-ई."

कान तपासले, ते ठणठणीत निघाले. मग कानाच्या डॉक्टरांनीच मुलांच्या विकासाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या सरळ खाली सतरंजीवर बसल्या. बाहुलीला खोटंखोटं जेवू घातलं. लेक बाहुलीच्या फ्रॉकचं बटण फिरवत राहिली.

"काही हवं असलं तर बोट दाखवते?"

"बोट नाही. माझा हात धरून नेते नि कपाटाच्या कडीवर ठेवते." टेलरीणबाईंचा चेहरा उजळला. "लाडाची आहे फार."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं.

"हेपण लक्षण का?"

"हो. एकट्या त्यावरून काही ठरत नाही, पण धरावं लागतं."

"मग ती माया नव्हती?"

"असं कुठे म्हटलं मी? घरात तीन माणसं आहात. ती हात कुणाचा धरते?"

"माझाच," म्हणताना टेलरीणबाईंचा बांध फुटला.

तीन खेपांनंतर निदान झालं: ऑटिझम. "आई कधी म्हणेल?" याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी उगाच गोड केलं नाही. "सांगता येत नाही. पण हवं-नको सांगायला शिकवू. आजपासूनच."

चित्रांची कार्डं आली. पाणी, झोका, नको. जे हवं त्याचं कार्ड तिने समोरच्याच्या हातात द्यायचं. सासूबाईसुद्धा चष्मा लावून कार्डं शोधू लागल्या. पुढे शाळा सुरू झाली, आणि एका दुपारी शिक्षिका फाटकाशी म्हणाली, "आज मधल्या सुट्टीत तिने कार्डांच्या फळ्यावर लावलेला तुमचा फोटो काढून माझ्या हातात दिला. दोनदा."

टेलरीणबाईंनी विचारलं, "मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"येईल म्हटलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या शाळा सुटायच्या अर्धा तास आधीच फाटकाशी उभ्या राहू लागल्या. आत कुणाचं ना कुणाचं पोर "आई" म्हणून ओरडतं. दर वेळी टेलरीणबाई मान वर करतात.