भावोजी आणि फुगलेलं दार

भावोजी डोक्यावर गणपती घेऊन ओटीवर उभे, मी आत ओवाळणीचं ताट घेऊन उभी, आणि मधलं दार फुगून घट्ट बसलेलं. वारा पावसाच्या सरी थेट ओटीवर आणत होता. मूर्तीवरचं प्लास्टिक कधीच उडालं होतं. "वैनी, उघडा लवकर! देवाचा रंग माझ्या कानात उतरतोय!"

हे माझे चुलतदीर. त्यांच्याइतका हट्टी माणूस आख्ख्या रत्नागिरीत झाला नाही. त्यांनी जन्मभर जयगडला होड्या बांधल्या. होडी पाण्यात उतरवली की फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात, म्हणून फुगलेलं लाकूड त्यांना गुणी वाटायचं. आषाढापासून मी सांगत होते, दार अडतंय, जरा रंधा मारा. ते दारावरून हात फिरवायचे. "काय सुंदर बसलंय! थेंब आत येणार नाही."

"माणूसही येणार नाही."

"आता तासलं तर चैत्रात फटीतून मांजर शिरेल, वैनी. दार लावू नका म्हणजे झालं." मी दुसरा सुतार बोलावला, तर त्याला माझाच चहा पाजून यांनी परत पाठवलं.

त्या दिवशी समई विझायला लागली म्हणून दार मीच लावलं. चूक माझी. पण तासलं असतं तर?

"मागच्या दारानं या," मी ओरडले.

"गणपती काय चोर आहे?"

"मग खाली ठेवा आणि ढकला!"

"देव घरातल्या पाटावरच टेकवायचा. माझी मान गेली तरी चालेल."

सत्तरी ओलांडलेली मान ती. आवाज कापायला लागला होता. "बिजागऱ्यांच्या खिळी खालून ठोकून काढा," ते म्हणाले. मी वरवंटा घेतला. दोन निघाल्या, तिसरी निघेना. मी देवाचं नाव घेतलं, भावोजींना दोन शिव्या दिल्या, आणि ती निघाली. बाहेरून त्यांनी गुडघा दिला. मी बाजूला झाले आणि दार धाडकन आत पडलं. भावोजी दारावरूनच चालत आले, मूर्ती पाटावर टेकवली आणि वाकडी मान तशीच ठेवून दार तपासायला बसले. "बघा, एक चीर नाही."

तरी रंधा मारलाच नाही. दिवाळीपर्यंत घराला दार नव्हतं, आणि गणपतीचे पाचही दिवस भावोजी उंबऱ्याशी बसून आल्यागेल्याला "या, या" म्हणत राहिले. एवढी माणसं माझ्या घरी कधी आली नव्हती. दिवाळीत त्यांनी दार बसवलं, ते नेमकं बसलं. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

गणपती पाचव्या दिवशी गेले. भावोजी गेल्या माघात गेले. राहिले ती मी.