विहीणबाईंचा कान

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात वाजणारी, करकरणारी, कुरकुरणारी अशी एकही वस्तू नसेल, जिचं गाऱ्हाणं आमच्या विहीणबाईंनी एकदा तरी कान लावून ऐकलं नाही. माणसांचं ऐकताना मात्र त्यांचं लक्ष ठिकाणावर नसे. आपण त्यांना गुडघ्याचं दुखणं अगदी रंगात येऊन सांगत असावं आणि त्यांनी मध्येच हात वर करून म्हणावं, "थांबा जरा ईनबाई, तुमच्या पंख्याची एक पाती ढिली हाय." की लगेच स्टूल. साठी उलटलेली बाई काष्टा आवळून वर उभी आणि खाली आपण दुखऱ्या गुडघ्यासकट स्टूल धरून. पंखा नीट व्हायचा. गुडघ्याची गोष्ट राहायची ती राहायचीच.

माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा याद्या करायला त्यांची मंडळी सांबऱ्याहून टिळकवाडीला आमच्या घरी आली. मानपान कुणी कुणाचा करायचा यावर पुरुषमंडळी तोंडं लांब करून बसली होती आणि मुलीची आई जागेवर नव्हती. शोधायला गेले तर बाई आमच्या न्हाणीघराच्या दारापाशी, एका हातात माझी खोबरेलाची बाटली, दुसऱ्या हाताने दार पुढे-मागे करत उभ्या. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली इंग्रजीची बाई. जगाला मार्क देण्याची सवय सुटली नव्हती. मी आमच्या यांच्या कानाशी लागून इंग्रजीत म्हटलं की बाई जरा विचित्रच दिसते. यांनी मराठीत उत्तर दिलं, की ते दार अकरा वर्षं ओरडत होतं आणि विचित्र माणूस घरात यायला इतका उशीर का झाला तेवढंच कळत नाही.

त्यांचं हत्यार एकच, लाटणं. एक टोक वाजणाऱ्या वस्तूला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरांच्या नळीला छातीतलं तेवढं ऐकू येतं, लाटण्याला सगळंच, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात पोळ्यांचं लाटणं वेगळं आणि ऐकायचं वेगळं. चुकून कुणी ऐकायच्या लाटण्याने पोळ्या केल्या तर त्या दिवशी सगळ्यांना बोलणी बसत. पिठाची चक्की, उसाचा ट्रॅक्टर, शेजारणीचं शिवणयंत्र, काही म्हणून सुटत नसे. सांबऱ्याला त्यांच्या शेतावरून विमानं खाली उतरतात. एकदा त्यांनी मुलाला मोटरसायकलवरून विमानतळाच्या फाटकावर पिटाळलं, कारण सकाळच्या विमानाचं डावं अंग दमल्यासारखं वाजत होतं. फाटकावरच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं, मुलाला पाणी दिलं आणि परत पाठवलं. विहीणबाईंचं समाधान झालं नाही. पुढे चार दिवस त्या हातातलं काम टाकून आभाळाकडे बघत अंगणात येरझाऱ्या घालत होत्या.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे एकसष्ट वर्षांची. निवृत्तीनंतर हौसेने गाडी शिकले होते. हातात पांढरे मोजे, पाठीला उशी, डोळ्यांवर यांचा काळा चष्मा आणि वेग तीस. लोक वळून वळून बघत, ते कौतुकाने बघतात अशी माझी खात्री होती. माझ्यामागे तुंबलेली वाहनांची रांग मला दिसत नसे, कारण आरसा मी स्वतःकडे वळवून ठेवलेला असे. आमची ती लहानशी लाल गाडी कधी हे चालवत, कधी मी चालवे. बोलायचे मात्र नेहमी मीच.

मग सातेक वर्षांनी हे गेले. आणि दोन महिन्यांनी गाडी वाजायला लागली.

आधी वाटलं रस्त्याचा दोष. मग वाटलं चाकाचा. वळणावर आवाज डावीकडून उजवीकडे जाई, ब्रेक मारला की पुढे येई, आणि गाडी उभी केली की बेटा गप्प. मी तीन मेस्त्री केले. पहिल्याने खालचे सगळे रबरी बुश बदलले, दुसऱ्याने सायलेन्सर बांधून दिला, तिसऱ्याने सल्ला दिला की आजी, रेडिओ मोठा लावा. मला झोप लागेना. पुण्याहून मुलगा रोज फोनवर विचारी, आवाज गेला का? गेला नाही म्हटलं की म्हणे, या वयात असली गाडी घेऊन तू एकटीने फिरायचं नाही. शेवटी त्याने निपाणीचं एक गिऱ्हाईक शोधलं आणि मला कळवलं, की रविवारी गाडी त्यांना दाखवायला घेऊन जा, पसंत पडली तर तिथेच ठेवून ये. सोबतीला तुझ्या विहीणबाई येतील.

गाडी म्हणजे माझी बाजारहाट, वाचनालय, भिशी, आणि कंटाळा आला की कुणाला न विचारता मारलेली एक चक्कर. ती गेल्यावर मला दार उघडून बसवणारी आणि दार उघडून उतरवणारी माणसं लागणार होती. अशा बायका मी पाहिल्या होत्या. त्या आधी फाटकापर्यंत येतात, मग दारापर्यंत, मग खिडकीपर्यंत. हे मी मुलाला सांगितलं नाही. त्याला इंग्रजीत 'ऑलराइट' म्हटलं.

रविवारी सकाळी विहीणबाई लाटणं घेऊन हजर. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत त्यांनी निकाल दिला, "ही खडखड न्हवं, खुळखुळ हाय. मेस्त्र्यांनी खडखड धुंडली." काकती येईपर्यंत त्यांनी गाडीतली छत्री, बाटली, डबा, माझी उशीसुद्धा गोळा करून मांडीवर घेतली होती. मग माझ्या बांगड्या काढायला लावल्या. मग मला बोलायची बंदी केली, जी तोवर कुणालाच जमली नव्हती. कधी पुढे बसत, कधी मागे, कधी दोन सीटांच्या मध्ये उकिडव्या. दर दहा मिनिटांनी गाडी थांबवून जागा बदलत. संकेश्वरच्या पुढे त्या डिकीत शिरल्या. मी म्हटलं, अहो, हे काय वय आहे का. त्या आडव्या होऊन म्हणाल्या, वयाचं नंतर बघू, डिकी लावा.

निपाणीचा फाटा आला. मी ओरडून सांगितलं की उतरायचं ठिकाण आलं, गिऱ्हाईक वाट बघत असेल. मागून आवाज आला, "आत्ता कुठं नीट ऐकू यायलंय. गाडी थांबवू नगा." मी थांबवली नाही. खरं सांगते, त्या हुकमाने मला बरंच वाटलं. निपाणी मागे पडली तेव्हा परीक्षेचा तास चुकवून पळाल्यासारखी मी खूष होते, आणि तितकीच घाबरलेलीही.

पुढे कोगनोळीच्या नाक्यावर तपासणी चालली होती. पोलिसाने काच वाजवून डिकी उघडायला सांगितली. मी काही सांगायच्या आत त्याने ती उघडलीच. आत नऊवारीतली बाई कुशीवर पडलेली, डोळे मिटलेले, कानाला लाटणं. तो दोन पावलं मागे सरला. विहीणबाईंनी डोळे न उघडता हात वर केला आणि कन्नडमध्ये त्याला गप्प राहायला सांगितलं. आणि तो राहिला. मग त्याने खुणेने दुसऱ्याला बोलावलं, तोही गप्प उभा राहिला. थोड्या वेळाने बाई उठून बसल्या, मला म्हणाल्या, "हितं न्हाय. पुढं हाय."

पुढच्या सीटवर बसून त्यांनी काचेखालच्या फळीला, म्हणजे डॅशबोर्डला, लाटणं लावलं आणि दोघा पोलिसांना गाडी हलवायला सांगितली. दोन सरकारी माणसं माझी गाडी पाळण्यासारखी हलवत होती, मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि मी मोजे घातलेल्या हातांनी त्यांची माफी मागत होते. तेवढ्यात बाईंनी स्क्रूड्रायव्हर मागितला. पोलिसाने तो आणून दिला. फळीखालचं झाकण उघडलं, वाऱ्याची नळी सुटली आणि आतून एक सुपारी पडली. मग दुसरी. एकूण सात. दोन-तीन सुपाऱ्यांवर कुंकू अजून लाल होतं. ते बघून पोलिसाने बूट काढले आणि ओंजळ पुढे केली.

खंडेनवमीला गाडीची पूजा करताना काचेपाशी सुपारीचा गणपती मीच मांडत असे. दुसऱ्या दिवशी तो दिसत नसे. यांनी पाण्यात सोडला असेल असं मी समजायचे, मी सोडला असेल असं ते समजायचे. कुणी कुणाला विचारलं नाही, संसार व्यवस्थित चालला होता. सात दसरे गणपती काचेखालच्या फटीतून आत उतरून बसत होते आणि मी गाडीत इतकी बोलत होते, की ते आम्हा दोघांनाही कधी ऐकू आले नव्हते.

मी रस्त्याच्या कडेला खाली बसले. आधी हसले, मग हातांतले मोजे काढून मांडीवर ठेवले. विहीणबाई पहिल्यांदाच कशाला कान न लावता शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, आवाज गेला तरी मुलगा ऐकायचा नाही, त्याला गाडीची नाही, माझी भीती वाटते. त्यांनी माझा फोन मागितला, नंबर लावून द्या म्हणाल्या, आणि समोर जावई असल्यासारखा डोक्यावर पदर घेतला.

"जावयबापू, गाडी म्या सोता ऐकली. तिला काय बी झाल्यालं न्हाय." मग माझ्याकडे एकदा नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मघाशी फळीकडे बघत होत्या तसंच. "आन तुमच्या आईलाबी न्हाय. दोगीबी चालत्यात. चालू द्या."

माझ्याशी दोन महिने वाद घालणारा मुलगा सासूला "बरं" म्हणाला. निपाणीच्या गिऱ्हाइकाची समजूत घालायला आम्ही त्याच्या घरी गेलो. तो रागवायच्या बेतात होता, पण चहा होईपर्यंत विहीणबाईंनी त्याच्या घुमणाऱ्या फ्रिजचा पाय सरळ करून दिला होता. त्याने आम्हाला रस्त्यापर्यंत सोडलं.

गाडी त्यानंतर मी आठ वर्षं चालवली. विहीणबाई त्यातली सहाच वर्षं होत्या. त्यांचा विषय निघाला की सून लाटण्याच्या गोष्टी सांगते, मुलगा पोलिसांच्या. मला आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट.

संकेश्वर यायच्या आत त्यांची मान कलली. वंटमुरीच्या घाटात वळणावळणांवर मी चोरून बघत होते, डोळे मिटून ऐकतायत की काय. पण त्या झोपल्या होत्या, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर मोकळे. सांबऱ्यात त्यांच्या दारापाशी आले, किल्लीकडे हात गेला, आणि थांबला. इंजिन बंद झालं की त्या जाग्या होणार. मी गाडी तशीच पुढे घेतली, गावाला एक वळसा घातला, मग दुसरा. अंगणातून त्यांचा मुलगा हाक मारायला पुढे आला. मी त्याला हाताने गप्प राहायची खूण केली आणि तिसऱ्या वळशाला लागले.