पडद्यावरचा टॉवेल

माझ्या मेहुण्याने मला फसवलं. माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीत बसून त्याने माझा शेवटचा भाव वाचला आणि माझं गिऱ्हाईक पळवलं. घरात याला ‘गैरसमज’ म्हणतात, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांकडे मेंढरं होती. या धंद्यात मला कोणी बोटाला धरून आणलं नाही. मेहुण्याला मात्र मी आणलं. शेजारचा गाळा मिळवून दिला, त्याचे माग बसले तेव्हा दिवसभर उभा राहिलो.

गेल्या वर्षी आफ्रिकेतल्या एका बंदराच्या गावी गेलो. तिथल्या एका हॉटेलवाल्याला त्याच्या सगळ्या हॉटेलांसाठी टॉवेल हवे होते, कडेला त्याचं चिन्ह विणलेले. असं गिऱ्हाईक मिळालं की वर्षभर माग थांबत नाहीत. पण मी उतरलो त्या लॉजवर इंटरनेट इतकं रडकं की डिझाइनची फाइल उतरायला लावून मी अंघोळ करायचो, खाली जाऊन चहा प्यायचो, तरी अर्धीच आलेली असायची. मग तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी तो नाद सोडला. अशा वेळेसाठी एक तजवीज मी निघण्याआधीच केली होती. आमच्याकडे डिझाइन करणाऱ्या बाई आहेत, घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, कामाला चोख. त्यांनी ऑफिसातल्या कम्प्युटरला रिमोट जोडून दिला, म्हणजे परगावी बसून मला तो चालवता यावा. फाइल सोलापुरातच राहते आणि सोलापूरच्या इंटरनेटवरूनच गिऱ्हाइकाला जाते. माझ्यापर्यंत येतं ते फक्त इथल्या पडद्याचं चित्र. तेही तुकड्या-तुकड्याने येई, पण काम होई.

“एक आहे, मालक,” बाई म्हणाल्या होत्या. “तुम्ही तिकडनं जे कराल ते इथं पडद्यावर दिसणार. आपलं मशीन आणि पडदा एकाच डब्यात आहे, पडदा वेगळा बंद होत नाही.”

“मग?”

“झाकून ठेवते.” आणि त्यांनी आपल्याच कारखान्यातला मोठा टॉवेल पडद्यावर टाकला.

मला ते पटलं. मी लहान असताना जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात रुमालाखाली जायचे आणि बोटं दाबून आकडा ठरायचा. भोवती दहा माणसं उभी असायची, पण रुमालाला कोणी हात लावत नसे. लावला, तर त्या बाजारात त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नसे. माझे सासरे तिथले दलाल. वडिलांनी त्यांच्याच रुमालाखाली कितीतरी मेंढरं विकली. मी वडिलांच्या तोंडाकडे बघून आकडा ओळखू पाहायचो. कधी जमलं नाही. मेहुणा त्याच दलालाचा मुलगा.

दुपारी बाई जेवायला घरी जातात. तेवढ्यात लाईट गेली तर कम्प्युटर बंद पडणार आणि माझी वाट तुटणार. तो पुन्हा चालू करायला कोणीतरी हवं. मी ते काम कामगारांपैकी कोणाला न देता मेहुण्याला बसवलं, घरचा माणूस म्हणून. ही चूक माझी.

तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. हॉटेलवाल्याला भेटण्याआधी किती खाली उतरता येईल ते पाहायला मी भावाची फाइल उघडली. त्याची ईमेलही शेजारी उघडी होती. मी बघत असताना पान आपोआप वर सरकलं. थांबलं. आणखी सरकलं. मी फोन लावला.

“कोण बसलंय?”

“मीच की दाजी. लाईट हाय, काळजी करू नका.”

“पान हलतंय.”

“तुमच्या तिकडचं नेटच तसलं. जरा दमानं घ्या.”

मी खाली जाऊन लॉजच्या मालकाशी भांडलो. त्याने बिचाऱ्याने मला फुकट चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने घासाघीस केलीच नाही. “तुमच्याच गावातून भाव आलाय,” म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. माझ्या शेवटच्या भावाच्या केसभर खाली. तो आकडा दुसऱ्या कोणाला सुचणं शक्य नव्हतं. तो माझ्या सुताच्या खरेदीवर उभा होता. त्याच्याखाली उतरायचं तर टॉवेलमागे पदरचं घालावं लागणार होतं. मी उठलो.

परत आल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी जेवून आले तर टॉवेल टेबलावर होता. नीट घडी केलेला. लाईट गेली असेल, वाटलं.” चोरी करून घडीसुद्धा घातली होती.

मेहुण्याला समोर बसवलं.

“मी काय कपाट फोडलं व्हय दाजी? समोर दिसलं. डोळं मिटून बसू का?”

“टॉवेल का काढलास?”

“मशीनला उकडत हुतं.”

मी हातातला कप भिंतीवर फेकला. त्यात भूषण काही नाही, पण लपवायचंही नाही. घरात मात्र तेवढा कपच सगळ्यांच्या लक्षात राहिला. बायको म्हणते, “तुमचे माग काय बंद पडलेत का? माझ्या भावाला किती दिवस तोडणार?” माझे माग बंद पडलेले नाहीत. पण आमच्या दोन गाळ्यांना मधली भिंत एकच आहे, आणि तिच्यापलीकडे तेच टॉवेल विणले जात असताना मी अलीकडे बसून ऐकतो.

आता मेहुणा नवं घर बांधून बसलाय आणि वास्तुशांतीला मी यावं म्हणून सासरे स्वतः येऊन गेले. “पाव्हणं, पोरगं चुकलं. इसरा आता.” एवढं बोलून त्यांनी माझा हात हातात घ्यायला आपला हात पुढे केला. मी दिला नाही.

म्हणून सासऱ्यांनाच विचारतो. मामा, तुमच्या बाजारात कोणी रुमाल उचलला असता, तर त्याच्या हातात तुम्ही पुन्हा हात दिला असता का? दिला असता, तर तसं चार पाहुण्यांसमोर म्हणा, मी वास्तुशांतीला येतो आणि पंगतीत त्याच्या शेजारी बसतो. दिला नसता, तर मुलाला माझ्या दारात आणा आणि तेही त्याच्यासमोर तुमच्याच तोंडाने सांगा. दलाल तुम्ही होता. उत्तर तुम्ही द्या.