कंट्रोल लिहिलेली ट्यूब

आपण वहिनींना ओळखत होतो, असं म्हणायचं भाऊजींचं कधी धाडस झालं नाही. एका घरात राहून, एकाच हॉस्पिटलात नोकरी करून, रोज सकाळी एकाच रस्त्याने चार पावलं मागे-पुढे चालत जाऊनही त्यांना वहिनींचा आवडता रंग सांगता आला नसता. चहात साखर किती लागते ते माहीत होतं, कारण सकाळचा चहा तेच करायचे. आजही कुणी विचारलं, "तुमच्या वहिनी कशा होत्या हो?" तर ते चष्मा पुसायला घेतात आणि म्हणतात, "शिस्तीच्या होत्या."

तेवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांचं भागो. पुढचं सांगायचं तर लॅबोरेटरीतच जावं लागेल, कारण वहिनी खऱ्या राहायच्या तिथे. "घरी नुसती हिची चप्पल येते," असं दादा म्हणायचे. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, भाऊजींचे थोरले भाऊ.

हॉस्पिटल लहानसं, गावाने मिळून उभं केलेलं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तिथली लॅबोरेटरी म्हणजे धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीतलं एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि एक खिडकी. वहिनींनी आधी चादरी हलवल्या, मग कपाट हलवलं, मग चादरीवाल्या बाईंनाही हलवलं, आणि बघता बघता ती सगळी खोली आपल्या नावावर करून घेतली. फॅन, लिफ्ट, फ्रिज दुरुस्त करायला कुणी बरा माणूस हवा म्हणाल्यावर दिराला आणून उभं केलं. त्या "भाऊजी" म्हणून हाक मारायच्या, म्हणून सगळे मारायला लागले. वॉर्डातल्या सिस्टर, झाडूवाली, वयाने मोठे असलेले सर्जनसुद्धा. एवढ्या वहिन्या मिळूनही भाऊजींचं स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं.

लॅबोरेटरीत वहिनींच्या हाताखाली मुख्य माणूस म्हणजे मुंगी. ती तंत्रज्ञ होती, चाळिशीची, बुटकी, कधी रिकाम्या हाताने न चालणारी. हे नावही वहिनींनीच ठेवलेलं. तपासून झालेल्या रक्ताच्या ट्यूब आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, लेबलं बाहेरच्या बाजूला, सगळी तोंडं एका दिशेला, हा तिथला नियम. एकदा फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं म्हणून भाऊजी दार काढून बसले होते. ट्यूबांचे स्टँड टेबलावर ठेवलेले. एका ट्यूबवर चौकातल्या शिंप्याचं नाव दिसलं. शिंपी परवाच गेला होता. भाऊजी त्याला पोचवायला गेले होते.

"वहिनी, ही आता टाकायची ना? माणूस गेला की."

"आठवडा कुठे झालाय?"

"पण आता कोण विचारणार त्याचं?"

वहिनींनी ट्यूब त्यांच्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि परत जागेवर ठेवली. "रक्त जिवंत आहे, भाऊजी. त्यातल्या पेशी अजून साखर खातायत. बाहेर ठेवलं तर भराभर खातात, थंडीत हळूहळू. माणूस गेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं."

बाजारभाव सांगावा तशा त्या हे म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. त्या दिवसापासून भाऊजी तो फ्रिज उघडायच्या आधी जरा खाकरायचे.

पुढे रक्ताच्या पेशी मोजणारं मशीन आलं. पलंगाखालच्या ट्रंकेएवढं, पांढरं, समोर एक बारीक सुई. ट्यूब खाली धरली की सुई उतरायची, थेंब ओढायची, टुक असा आवाज व्हायचा आणि जराशाने आकडे यायचे. वहिनींचा मशीनवर राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. रोज सकाळी पेशंटचं पहिलं रक्त लावायच्या आधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत असं रक्त. मशीनने तेच आकडे सांगितले तर मशीन खरं बोलतंय. नाही सांगितले तर त्या दिवशी एकही रिपोर्ट बाहेर जाणार नाही, मग वरून सर्जन येवोत की आणखी कोणी.

हे कंट्रोलचं रक्त बाटल्यांतून यायचं. त्या वर्षी आलेला माल वाटेतच तापून खराब झाला आणि दुसरा यायची चिन्हं दिसेनात. वहिनींनी बाही वर सरकवली.

"जुन्या काळी आम्ही हेच करायचो. मुंगे, घे माझं."

वहिनींचे आकडे वर्षानुवर्षं ठरलेले होते. पांढऱ्या पेशी साडेसहा हजार, त्यात कधी थोडं इकडे, कधी थोडं तिकडे. दादांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "हिचं रक्तसुद्धा आपलं मत बदलत नाही बघ!" मुंगीने ट्यूबवर लाल शाईने लिहिलं: कंट्रोल. नाव लिहिलं नाही. नाव पेशंटचं लिहायचं असतं.

मग रोज सकाळी वहिनींचं ताजं रक्त घ्यायचं असं ठरलं, आणि सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग आकडा सरकायला लागला. आज जरा वर, पुढच्या आठवड्यात आणखी जरा वर. एका सकाळी मशीनने बारा हजार दाखवले आणि वहिनींनी काम थांबवलं.

वॉर्डातून फोन सुरू झाले. खाली खिडकीपाशी माणसं उभी. रक्ताच्या ट्यूब डब्यात भरून मोठ्या हॉस्पिटलात पाठवल्या. त्याच सुमाराला हॉस्पिटलच्या कमिटीत चर्चा चालू होती, की ही लॅबोरेटरी बंद करून सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं. चुकीचा एक रिपोर्ट सापडला असता तरी त्यांना पुरला असता.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "मशीन खोटं बोलतंय. कुठे ते शोधा. नाहीतर ही खोली पुन्हा चादरींची होईल."

भाऊजींनी मशीन उघडलं. नळ्या धुतल्या, गाळणी बदलली, सुई साफ केली. नुसतं पाणी लावलं तर मशीन शून्य दाखवी. स्वतःचं रक्त लावलं, आकडा बरोबर. मुंगीचं लावलं, बरोबर. मोठ्या हॉस्पिटलातून तपासून आलेली पेशंटांची रक्तं लावली, सगळी तंतोतंत. मग लाल शाईची ट्यूब सुईखाली धरली. टुक. तेरा हजार.

कंपनीचा इंजिनियर आला, एक भाग बदलला, चहा प्यायला, "आता बोला" म्हणाला. टुक. चौदा.

इंजिनियरने कपाळ पुसलं. "भाऊजी, या मशीनला तुमच्या मॅडमचं काय वावडं आहे?"

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण त्या दिवसापासून त्यांना त्या मशीनसमोर एकट्याने बसवेना. मशीन बिघडलं की त्याची काहीतरी रीत असते, ते सगळ्यांशी सारखंच वाकडं वागतं. हे मशीन सगळ्या जगाशी सरळ होतं आणि एकाच ट्यूबबद्दल रोज थोडं वाढवून सांगत होतं. जणू कुणी शहाणं माणूस बाकी सगळं नीट बोलतं आणि एकच नाव आलं की भलतंच काही पुटपुटायला लागतं. दुपारच्या लख्ख उजेडात, बाहेर शिपाई भांडत असताना, भाऊजींच्या अंगावर काटा यायचा.

घरी वहिनी त्याबद्दल बोलत नसत. एका सकाळी चहा घेताना त्यांनी घड्याळ पुढे केलं. "पट्ट्याला एक भोक पाडून द्या हो. सैल होतोय." भाऊजींनी खिळा तापवून भोक पाडून दिलं. थोड्या दिवसांनी पुन्हा घड्याळ पुढे. "अजून एक."

"पट्टा ताणलाय वाटतं," भाऊजी म्हणाले. चामड्याचं असं होतं, हे त्यांना माहीत होतं.

"हो, ताणलाच असेल," वहिनी म्हणाल्या.

दादा पेपरातून तोंड न काढता म्हणाले, "अगं, जरा खात जा. तू नाही ताणलीस कधी."

काम असं अर्धवट रडतखडत चाललं होतं. पेशंटांची रक्तं दोनदा लावायची, त्यातली निम्मी मोठ्या हॉस्पिटलात पाठवून ताडून बघायची. आठवड्यातून दोनदा बाहेरून मोठे डॉक्टर यायचे, रक्ताच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली बघायला. नियम असा होता, आणि तोही वहिनींचाच, की मशीनचा आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की त्या रक्ताची काचपट्टी करून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवायची. कुणाचीही असो. मुंगी नियमाला पक्की. तिने एक दिवस हद्दीबाहेरच्या सगळ्या ट्यूब उचलल्या आणि सगळ्यांच्या काचपट्ट्या केल्या. सगळ्यांच्या.

मायक्रोस्कोपचा दिवा लुकलुकत होता म्हणून भाऊजी टेबलाखाली वायर बघत होते. वरून त्यांना फक्त बोलणं ऐकू येत होतं.

"हं," डॉक्टर म्हणाले. मग भिंग बदलल्याचा खट्ट आवाज. मग पुन्हा, "हं. मॅडम, हा पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?"

"कुठला?"

"ही लाल शाईची पट्टी. या पेशी बऱ्या नाहीत. काहीतरी लिहिलंय... कंट्रोल? हे काय नाव झालं? कोण आहे ते, आजच्या आज बोलावून घ्या. आधीच उशीर झालाय."

फ्रिजची मोटर सुरू झाली. भाऊजींना टेबलाखालून वहिनींची पावलं दिसत होती. चप्पल नीट एकमेकींना लावून ठेवावी तशी पावलं जोडलेली.

"इथेच आहे, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "वाट बघत बसलीय."

मग त्या हसल्या. त्या हसण्याबद्दल भाऊजींनी दादांना कधीच सांगितलं नाही. ते हसणं घाबरलेलं नव्हतं. किल्ली सगळीकडे शोधून आपल्याच मुठीत सापडल्यावर माणूस हसतं, तसं होतं. पुढचं त्या मुंगीकडे वळून म्हणाल्या, "मशीन खरं बोलत होतं ग. थांबलेले रिपोर्ट सोड सगळे."

गावातल्या निम्म्या माणसांचं रक्त ज्यांच्या डोळ्यांखालून गेलं, त्यांनी स्वतःचं एकदाही काचेवर घेतलं नव्हतं. ते त्यांना स्वतःचं वाटतच नव्हतं. ते कंट्रोल होतं, आणि कंट्रोल कधी आजारी पडत नसतं.

वहिनींना दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली खोली मिळाली. आता रोज सकाळी त्यांचं रक्त नाव घालून खाली यायचं, बाकीच्यांसारखं. मुंगी ट्यूब घेताना रडायची आणि आकडे लिहिताना थांबायची. वहिनी वरून फोन करायच्या, पण स्वतःचा आकडा विचारायच्या नाहीत.

"कंट्रोल लावलं का?"

"लावायला रक्त कुठे आहे, मॅडम?"

"भाऊजींचं घ्या. चांगलं रक्त आहे. ते वाटेल ते खात नाहीत, वाटेल तिथे जात नाहीत, लग्नसुद्धा केलं नाही. त्यांच्यात बिघडायला आहे काय?"

मुंगी रडता रडता हसली. भाऊजींनी बाही वर केली. ट्यूबवर लाल शाईने तोच शब्द आला. दुसऱ्या दिवसापासून सुई उतरली की ते श्वास रोखून धरायचे. टुक. सात हजार. श्वास सोडायचे. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. मशीनच्या काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसायचा आणि त्यामागे वहिनींची रिकामी खुर्ची, सरळ ठेवलेली. कधीकधी आकडा यायला जरा उशीर व्हायचा. तेवढ्या वेळात त्यांना वाटे, मशीन विचार करतंय, सांगू की नको.

लॅबोरेटरी बंद झाली नाही. मशीन खरं बोलतंय याचा एवढा मोठा दाखला कमिटीला दुसरा कुठे मिळाला असता? ठरावात तसं लिहिलं नाही, पण बाहेरच्या कंपनीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

औषधं झाली, मोठ्या हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या. दादा पेपर घेऊन बसायचे, पान उलटायचे नाहीत. मग एका सकाळी वहिनींची ट्यूब नेहमीप्रमाणे खाली आली, मुंगीने ती लावली, आकडे वर कळवायला फोन उचलला, आणि वरून सिस्टर म्हणाली, "आता नको."

ट्यूब मुंगीने फ्रिजमध्ये ठेवली. लेबल बाहेर, तोंड बाकीच्यांच्या दिशेला. आठवडा झाला नव्हता. त्या आठवड्यात भाऊजी रोज येऊन फ्रिजचं दार हाताने चाचपून बघायचे, नीट लागलंय ना, आत थंडी आहे ना. हळूहळू खाऊ दे, असं त्यांच्या मनात यायचं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. कंट्रोलच्या बाटल्या त्यानंतर बऱ्याच उशिराने आल्या.

वहिनींशी शेवटचं बोलणं झालं ते त्या सकाळच्या आदल्या दुपारी. भाऊजी त्या खोलीतला पंखा बघायला गेले होते. पंख्याला काही झालेलं नव्हतं. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या, घड्याळ उशाशी काढून ठेवलेलं. भाऊजी स्टूल जागेवर ठेवून निघाले, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं,

"आज तुमचं किती आलं?"

"कालच्याएवढंच."

"बरं. फ्रिजचं रबर?"

"बसवलं नवीन."

"मग जाताना दार नीट ओढून घ्या. गारवा बाहेर जातो."

"हो," भाऊजी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.