मोहगाळीचं हलकं पाणी

मोहगाळीला स्टेशन झालं ते गावाच्या सोयीसाठी नव्हे, इंजिनाच्या तहानेसाठी. प्लेगच्या साथीआधी कंपनीने बेळगावहून लोंढ्याकडे रूळ टाकले, तेव्हा खानापूरच्या पुढे रानात साहेबांना एक विहीर सापडली. ती मे महिन्यातही आटत नव्हती. विहिरीशेजारी पाण्याची टाकी उभी राहिली, टाकीशेजारी फलाट, फलाटावर कौलारू खोली, आणि त्या खोलीत १९२१ सालापासून मी, उपेंद्र हेरेकर, स्टेशन मास्तर. म्हणजे महत्त्वाच्या क्रमाने मी पाचवा. पंपवाला भावकू मला हे अधूनमधून ऐकवत असे.

इंजिन पाणी प्यायला दहा मिनिटं घेई. त्या दहा मिनिटांवर गाव जगत होतं. सोलांच्या, म्हणजे आमसुलांच्या, आणि बांबूच्या पाट्या गाडीत चढायच्या, टपालाची थैली उतरायची, बाया उकडलेली रताळी आणि फणसाचे गरे घेऊन खिडक्यांपाशी पळायच्या. शिवाय एक सोय अशी होती की जिचा कंपनीला पत्ता नव्हता. इंजिनाचा ड्रायव्हर पेद्रू एक तोटी सोडून कढत पाणी काढून देई आणि अर्धं गाव बादल्या घेऊन रांगेत उभं राही. त्यामुळे मोहगाळीत आंघोळ सकाळी होत नसे, गाडी आल्यावर होई. गाडी दोन तास उशिरा आली की शाळामास्तरसुद्धा पारोसाच शिकवी. मी कंपनीचा नोकर, या प्रकाराकडे पाठ करून उभा राही. माझी बादली भावकू भरून ठेवी.

हा भावकू उंचीने बेताचा आणि अभिमानाने बेसुमार. वाफेचा पंप तो पोटच्या पोरासारखा सांभाळी. गाडीची शिट्टी ऐकली की डोक्याला मुंडासं बांधून टाकीच्या नळाच्या सोंडेखाली उभा राही. "पाव्हना आला, त्येला आदी पानी इचारायचं. तिकिटं मागनं," असं मलाच बजावी. मी रागवायचो. त्याच्यावर परिणाम शून्य.

१९२८ च्या उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. नव्या इंजिनांच्या टाक्या मोठ्या, तेव्हा इतक्या ठिकाणी पाणी कशाला. बेळगावच्या बाजूचं तोरळगे आणि आमचं मोहगाळी, यांतली एकच टाकी राहणार. जिथलं पाणी हलकं ती टाकी ठेवायची, कारण जड पाण्याने बॉयलरमध्ये चुन्याचा थर बसतो. दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरून हुबळीला तपासायला पाठवा. टाकी जाईल तिथे गाडी यापुढे फक्त कोणी हात दाखवला तरच थांबेल.

मी पत्र फलाटावर मोठ्याने वाचलं. रताळीवाल्या बायांनी पाट्या खाली ठेवल्या. भावकू मात्र मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मला वाटलं, नोकरीची काळजी. त्याच्या मनात काय शिजत होतं, किंवा काय शिजत नव्हतं, हे मला महिन्याने कळलं.

भावकूची बायको मालुबाई बेळगावजवळच्या मच्छ्याची. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिचा जीव माहेराकडे. भावकूने बेळगावच्या बाजूला बदली मागावी म्हणून तिने सगळे उपाय केले. शेवटी एक उपाय तिने असा शोधला की त्याला तोडच नव्हती. रोज जेवायला भावकूपुढे येणारी डाळ टणक असे. "ह्या पान्यात डाळ शिजतच न्हाय, म्या काय करू? आमच्या मच्छ्याला बघा, कशी लोन्यावानी हुती," असं ती म्हणे. भावकू अकरा वर्षं ती डाळ मुकाट्याने चावत होता. आपल्या विहिरीची बदनामी नको म्हणून हे दुःख त्याने गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. एका शब्दाने जरी मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की माझी डाळ दोन कढांत मऊ होते. पण अभिमानी माणूस विचारत नाही.

तोरळग्याची बाटली दुपारच्या गाडीने आमच्याकडे आली. मी तिच्या शेजारी आमची बाटली ठेवली, दोन्हींच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधल्या आणि गाडीला झेंडी दाखवायला बाहेर गेलो. परत येऊन खोका बंद केला, लाखेची मोहोर मारली आणि तो हुबळीला रवाना केला. भावकू तेव्हा दारात उभा होता आणि विनाकारण माझ्या तब्येतीची चौकशी करत होता. सात वर्षांत त्याने ती प्रथमच केली. तिथेच मला संशय यायला हवा होता.

महिन्याने निकाल आला. तोरळग्याचं पाणी उत्तम, मोहगाळीचं जड. पावसाळ्याआधी मोहगाळीची टाकी उतरवावी.

मी वाचून संपवलं तेव्हा भावकू माझ्यासमोर जमिनीवर बसला होता. 

"मास्तर, म्या चिठ्ठ्या बदलल्या," तो म्हणाला.

"कुठल्या चिठ्ठ्या?"

"बाटल्यांच्या. आपलं पानी जड हाय, मला ठावं हुतं. म्हनून त्येंची चिठ्ठी आपल्या बाटलीला लावली अन् आपली त्येंच्या. म्हंजे त्येंचं चांगलं पानी आपल्या नावावर लागंल. पर हे कसं उलटं आलं?"

त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चिठ्ठ्या बदलायला अक्षर लागत नाही. मला एकाच वेळी त्याला मारावंसं वाटलं आणि हसू आवरेना. आमचं पाणी हलकं होतं. या गाढवाने ते स्वतःच्या हाताने तोरळग्याला दान केलं होतं.

"जड आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"डाळ शिजत न्हाय, मास्तर. अकरा वर्सं झाली."

खोलीच्या बाहेर मालुबाई रताळ्यांची पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी खाली ठेवली, पदर नीट केला आणि भिंतीकडे बघत बोलली.

"डाळ शिजती, मास्तर. म्या डाळीबरूबर पयल्यापास्नं सोलं टाकत हुते. आंबट आदी पडलं की डाळ शिजत न्हाय. ह्येंनी कट्टाळून बदली मागावी म्हनून."

भावकू तिच्याकडे बघतच राहिला.  मग तो उठला, मुंडासं बांधलं आणि म्हणाला, "सायबाला सांगाया पायजे."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की गप्प बसलास तर टाकी जाईल, पण कंपनी तुला दुसरीकडे पंप देईल. बोललास तर नोकरीच जाईल. मोहोर माझी होती, तेव्हा माझीही मान अडकलेली होती आणि मला भीती वाटत होती हे मी लपवत नाही. भावकूने बाहेरच्या बायांकडे बोट केलं. "ह्या कुटं जातील, मास्तर? ह्येंला काय बदली हाय?"  मी कंपनीच्या साहेबाला तार केली.

चार दिवसांनी साहेब ट्रॉलीवरून आला. भावकूने सगळं सांगितलं, मी इंग्रजीत केलं. मोहोरेचा भाग मी जरा भरभर केला. साहेबाचा विश्वास बसेना. कोणता माणूस आपलंच पाणी चोरून दुसऱ्याला देईल? तेव्हा मालुबाईने फलाटावर दोन चुली मांडल्या. पेद्रूने इंजिनावरून तोरळग्याचं पाणी आणलं होतं. एकाच मापाची तुरीची डाळ दोन मडक्यांत पडली. सोलं कुठेही नाहीत याची साहेबाने स्वतः वाकून खात्री केली. त्या दिवशी गाडी एक तास अडकली आणि एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही, कारण सगळे खाली उतरून मडक्यांभोवती उभे होते. मोहगाळीच्या मडक्यातली डाळ बोटाने दाबली तर पीठ झाली. तोरळग्याची दातांखाली वाजत होती. साहेबाने दोन्ही चाखल्या आणि पुन्हा बाटल्या भरायला सांगितल्या. या वेळी चिठ्ठ्या त्याने स्वतः बांधल्या.

मोहगाळीची टाकी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली, ती मी अजून जपून ठेवली आहे. आणि भावकूला शिक्षा म्हणून पंपावरून काढून फाटकवाला केलं. कुठे, तर तोरळग्याला. तिथून मच्छे चालत जाण्याच्या अंतरावर. मालुबाईला अकरा वर्षांनी हवं ते मिळालं होतं आणि निघताना तीच ढसाढसा रडली. भावकू रडला नाही. त्याने पंपावर हात फिरवला, नव्या पंपवाल्याला दहा सूचना दिल्या आणि गाडीत बसला.

आठवड्याने पेद्रूने इंजिनावरून एक रिकामी तांब्याची घागर खाली दिली.

"मालुबाईने पाठवली, मास्तर. म्हणते, तिकडच्या पाण्यात डाळ शिजत नाही."

"सोलं काढून बघ म्हणावं."

"काढलीत. खरंच शिजत नाही."

मी खूप हसलो. मग घागर घेऊन टाकीपाशी गेलो. मला भावकूची फार आठवण येत होती, आणि त्या दिवसापर्यंत मी ते कुणाला बोललो नव्हतो. नवा पंपवाला धावत आला, इंजिनाची सोंड लावायची घाई होती, वेळ झाला होता. मी त्याला बाजूला केलं. घागर काठोकाठ भरली आणि पेद्रूच्या हातात दिली, आणि मगच इंजिनाला पाणी मिळालं.